मास्तरांची अक्षरं

झटका आल्यापासून टेलरमास्तरांची वाचा गेली होती. व्यायामवाल्या बाई त्यांच्यापुढं प्लॅस्टिकची अक्षरं ओतायच्या, मास्तर त्यांवरून हात फिरवायचे आणि त्या पसाऱ्यात बायकोला शब्द दिसायचे. शब्दकोडी सोडवण्यात हयात गेलेला माणूस उगाच अक्षरं सरकवेल होय?

एकदा ‘च’शेजारी ‘हा’ आला. तिनं धावत चहा केला. मास्तरांनी ओठसुद्धा उघडले नाहीत.

बाई म्हणाल्या, “मावशी, अक्षरं पडतात तशी पडतात. त्यांना काही कळत नाहीये. उद्यापासून मी येत नाही.”

“अहो, हे जन्मभर अर्धंच बोलत आलेत. उरलेलं मीच लावून घेतलंय!”

बाई पिशवी घ्यायला वळल्या. मास्तरांच्या हाताशी नुसता ‘अ’ पडला होता. बायकोनं बोटानं त्याला ‘गं’ चिकटवला.

“बघा, बघा! मला हाक मारली!”