काकांच्या पायांचा मान

काका निजामाच्या अमदानीत पटवारी होते. पटवारकी गेली, पुढे मधुमेहाने डोळे गेले. रुबाब तेवढा राहिला. मी ताडकळसच्या शाळेत मास्तर होतो आणि त्यांच्याकडेच राहत होतो.

परभणीच्या डॉक्टरने एकदा त्यांच्या तळव्याला टाचणी टोचली. काका त्याला सारावसुलीच्या गोष्टी सांगत होते, त्या त्यांनी तशाच पुढे चालू ठेवल्या. डॉक्टरने काकूला बाजूला घेतलं. "यांना दिसत नाही आणि पायाला कळतही नाही. काटा मोडला तर पाय सडल्यावरच समजेल, मग कापावा लागेल. रोज कुणीतरी तळवे बघा. घरातही चप्पल घालू द्या."

घरी काकूने विषय काढला.

"मी काय जनावर हाय का, खूर बघायला?" काकांनी पाय धोतरात ओढून घेतले.

चपलेचं काकू बोललीच नाही. चूल, देव्हारा, काकांची बाज सगळं एकाच खोलीत होतं; तिथे चप्पल चालायची नाही.

दुसऱ्या सकाळी ती मला म्हणाली, "शाळंत जाताना काकाच्या पाया पडत जा."

"आजवर कधी पडलो न्हाई."

"म्हणूनच पड. नीट वाकून. बोटांच्या बेचक्यापर्यंत."

काका बाजेवर पाय पसरून बसत. मी वाकायचो, काकू आवाज न करता शेजारी बॅटरी धरून उभी राहायची. पहिल्या दिवशी काका अवघडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आशीर्वाद दिला. आठवड्याभरात आशीर्वादाचं भाषण झालं.

"पोरांत संस्कार राहिले न्हाईत म्हणतात. लोक खोटं बोलायलेत," ते आल्यागेल्याला सांगू लागले. मला एकदा विचारलं, "एवढा वेळ काय मागायलास?"

"तुमची तब्येत," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं.

मग एका सकाळी डाव्या अंगठ्याखाली फुटलेला फोड दिसला. आत बाभळीचा काटा.

"रगत हाय की," काकू बोलून गेली.

"तू कुठं हायेस?" काकांनी विचारलं. आवाज त्यांच्या पायांकडून आला होता. "पायापाशी? म्हणजे हे पाया पडणं..."

"तपासणी," मी म्हणालो.

आता पाय धोतरात जाणार आणि काटा आतच राहणार, असं मला वाटलं. काकांनी हात खाली नेला, फोड चाचपला, ओली बोटं नाकाशी नेली.

"मला कळलंच न्हाई," ते हळू म्हणाले. मग आवाज पुन्हा पटवाऱ्याचा झाला. "डाक्टरकडं चला. आन् चोरून बघणं बंद. पाया पडायचं, पाय बघायचा, काय हाय ते मोठ्यानं सांगायचं. मग आशीर्वाद."

पट्ट्या बदलायला परभणीच्या लय खेपा झाल्या, पण पाय राहिला. काकूने देव्हाऱ्यापुढे पडदा लावला आणि घरात चप्पल फिरू लागली.

नियम मात्र सगळ्यांना लागू झाला. निवडणुकीत एक उमेदवार हारतुऱ्यांसकट घरात आला आणि सवयीने काकांच्या पायांवर वाकला.

"काय दिसलं?" काकांनी विचारलं.

"साक्षात देव दिसला, काका."

"त्यो राहू द्या. टाचंचं सांगा."

उमेदवाराने माझ्याकडे पाहिलं. मी बॅटरी दिली. आमच्या भावकीत मतं बरीच होती. तो खाली बसला, चष्मा चढवला आणि दोन्ही टाचा उलटसुलट करून पाहिल्या.

"उजवीला भेग हाय."

"खोल?"

"खोल हाय."

"विजयी व्हा," काका म्हणाले, आणि काकूला मलम आणायला सांगितलं.