विहिरीतली पांढरी पावडर

लढाईच्या दिवसांत मी सरकारी नर्सबाईला हेर समजून विहिरीवरून हाकललं, एवढी माझी अक्कल! ब्लीचिंग पावडरचा वास आला की पदर खोचलेली तेव्हाची मी, तरणी दीडशहाणी, अजून डोळ्यांपुढे उभी राहते. पुलगावचं फौजेचं दारूगोळ्याचं कोठार जवळच, म्हणून दुश्मन विहिरींत विष टाकणार अशी अफवा होती. नर्सबाई पाणी शुद्ध करायला आलेली. तिच्या हातातली पांढरी पावडर पाहून मी बादलीच उगारली. पुढे तेच शुद्ध न झालेलं पाणी पिऊन माझ्या लेकाला हगवण लागली. दवाखान्यातला डॉक्टर फौजेकडे गेलेला, सलाइनच्या बाटल्याही तिकडेच. शेवटी त्याच नर्सबाईने चमच्याचमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजून पोर वाचवलं. तिच्यादेखत सासूबाई मला म्हणाल्या, "दुश्मनाले आपली विहीर सापडत नोती वं बाई, म्हणून त्याचं काम तू करून राह्यलती काय?"