हटवार सिस्टरांचे ताई ची

हटवार सिस्टर रोज सकाळी आपले अंगण ओलांडायला पंधरा मिनिटे घेत. अंगण असेल वीस-बावीस पावलांचे. एक पाय उचलायचा, तो हळूच पुढे टेकवायचा, मग त्याच्यावर अंगाचे वजन सोडायचे. तोवर दोन्ही हात पाण्यात असल्यासारखे हवेत फिरत असत. लाखनीत हायवेच्या मागच्या गल्लीत माझे शिलाईचे दुकान त्यांच्या फाटकासमोर आहे, त्यामुळे मला हे रोज दिसे. गल्लीत कोणी म्हणे, बाईंना लकवा मारून गेला. कोणी म्हणे, एकटेपणाने डोके फिरले. मला मात्र त्यांचा हेवा वाटे. त्या दिवसांत माझ्या दुकानाचे शटरही माझा नवरा उघडून देत होता.

माझी कंबर वर्षभर दुखत होती. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून ऑपरेशनची गरज नाही, चालत-फिरत राहा, व्यायाम करा असे सांगितले होते. पण मला हलायचीच भीती बसली. मी पट्टा बांधून पडून राही आणि जितकी पडून राही तितकी आखडत जाई. शेवटी मशीन विकायचे ठरवले. त्याच आठवड्यात सिस्टर ब्लाउजचे माप द्यायला आल्या. माझ्या हातून टेप खाली पडला. तो उचलायला मी भिंत धरून किती वेळ घेतला, ते त्यांनी पाहिले आणि माप राहिले बाजूला.

"कागद दाखव पहिले," त्या म्हणाल्या.

त्यांनी एक्स-रे उजेडात धरला, डॉक्टरांचे लिखाण वाचले. पाय सुन्न पडतात का, लघवीला त्रास होतो का, ताप येतो का, सगळे विचारले. सरकारी दवाखान्यात तीस वर्षे नोकरी केलेली बाई; विचारण्यात भीडभाड नव्हती. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी सहाले ये. अन् मशीन विकाची असंन तं दिवाळीनंतर वीक. ते कुठी पळून नाही जात."

त्या जे करत त्या चिनी व्यायामाला ताई ची म्हणतात, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. त्यांचा मुलगा सिंगापूरला. नातवाच्या जन्माच्या वेळी त्या सहा महिने तिकडे राहिल्या होत्या. पेशंट उचलून उचलून त्यांची स्वतःची कंबर गेलेली. घराखालच्या बागेत चिनी म्हाताऱ्या सकाळी हळूहळू हलत असत. त्यातल्या एकीने सिस्टरांचा हात धरून त्यांना रांगेत उभे केले. कोणाला कोणाची भाषा येत नव्हती. सिस्टर नुसते पाहून शिकल्या.

"पाहता पाहता मले आमची बांधी दिसली," त्या सांगत. त्यांचे माहेर कोंढ्याचे, बालपण धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, गेलेले. "रोवण्याच्या टायमाले चिखलात पाय कसा टाकतो? पहिले पायाले जागा दे, मंग वजन दे. तेच हाये हे."

हातापायांच्या चालींची नावे मुलाने त्यांना मराठीत सांगितली होती: बगळा, ढग सारणे, वानर हाकलणे. शेवटची चाल आमच्याकडे कोणाला शिकवावी लागत नाही, असे त्या गंभीरपणे म्हणत. मला मात्र पहिला महिनाभर त्यांनी यातले काहीच दिले नाही. नुसते उभे राहायचे आणि वजन या पायावरून त्या पायावर न्यायचे. मी कंबरेच्या धास्तीने दम रोखून धरी. "श्वास काहून धरून ठेवला? कोनी मांगून नाही रायला," त्या म्हणत.

हळूहळू आम्ही सातजण झालो. तांदळाचे व्यापारी दमाहेभाऊ कंबर धरून आले, त्या दिवशी सिस्टरांनी त्यांना अंगणात दोन पावले चालायला सांगितले. त्यांचे उजवे पाऊल घासत होते. सिस्टरांनी त्यांना शिकवायला साफ नकार दिला. दमाहेभाऊ चिडले, एवढ्या लोकांसमोर अपमान केला म्हणाले. सिस्टरांनी आवाज चढवला नाही. "हे माह्या हातचं काम नोहे, भाऊ. आजच मोठ्या दवाखान्यात जा. उद्या नोको," एवढेच म्हणाल्या आणि त्यांच्या घरी स्वतः फोन लावला. नागपूरला त्यांचे ऑपरेशन झाले. उशीर झाला असता तर पाऊल कायमचे गेले असते, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले. चार महिन्यांनी, डॉक्टरांना विचारून, दमाहेभाऊ खुर्ची घेऊन आले आणि मागच्या रांगेत बसून हात फिरवू लागले.

माझी गोष्ट त्या पहिल्याच दिवाळीच्या आधीची. दुकानात बटणांचा डबा उलटला. मी खाली बसून बटणे वेचू लागले, रंग वेगळे करत गेले. शेवटचे बटण डब्यात टाकल्यावर लक्षात आले की मी पंधरा मिनिटे उकिडवी बसले होते आणि कंबरेची आठवणही झाली नव्हती. मी तिथेच बसून रडले. मशीनसाठी गिऱ्हाईक पाहून ठेवले होते, त्याला नवऱ्याने नाही म्हणून कळवले.

मग मी हुरळले. लग्नसराईत दिवसाचे बारा तास मशीनवर बसले आणि दुखणे परत आले. लाजेने तीन दिवस अंगणात गेले नाही. चौथ्या दिवशी सिस्टरच दुकानात आल्या आणि स्टुलावर जपून बसल्या. सगळे वाया गेले, असे मी म्हणाले.

"माही बी आज दुखून रायली," त्या म्हणाल्या.

तुमचीही दुखते, मग हे सगळे करता कशाला, असे मी विचारले.

"पहिले दुखे तं मी भेवो. आता कमी दुखते, अन् दुखलं तरी भेत नाही. येवढाच फरक पडला, बाई. पन लय मोठा हाये."

दुसऱ्या दिवशी मी गेले. तेव्हापासून दर अर्ध्या तासाने मशीनवरून उठते.

यंदा हिवाळ्यात सिस्टर कोंढ्याला धाकट्या बहिणीजवळ राहायला गेल्या. सामान गाडीत चढत असताना मी त्यांना विचारले, आता आम्हाला कोण शिकवणार?

"मी सहा महिनेच शिकली होती," त्या म्हणाल्या. "तुले तीन वर्सं झाले. मंग कोनं कोनाले विचारावं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या पुढे उभी राहिले. बगळा झाला, आणि पुढचे काय ते मला आठवेना. मागून दमाहेभाऊंनी हळूच सांगितले, "ढग." सगळे हसले, मीही हसले, आणि आम्ही पहिल्यापासून सुरू केले.