गोधडीवरचा मोर

नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी आता पुसट झाल्या. पण आळेफाट्याच्या सायबर कॅफेत पडद्यावर उमटत गेलेली ती गोधडी मला अजून स्वप्नात दिसते.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मी जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपत असताना पुण्यात नर्स असलेली एक तरुणी ठाण्यात आली. हातात इंटरनेटवरच्या एका फोटोची रंगीत प्रिंट. डिंभे धरणाच्या पाण्याकाठी, धुक्यात, खडकावर गोधडी पसरलेली. तिच्या मधल्या तुकड्यावर दोऱ्याने भरलेला मोर, मान मागे वळवलेला.

"साहेब, ही माझ्या आईची साडी आहे. असा मोर दुसरं कुणी काढत नाही," ती म्हणाली.

तिची आई बऱ्याच वर्षांपूर्वी आळेफाट्याच्या स्टँडवरून नाहीशी झाली होती. मुलाबरोबर नाशिकला निघालेली. एसटी थांबली, ती खाली उतरली आणि परत चढलीच नाही. मिसिंगची नोंद आमच्याच ठाण्यात, तपास थंडावलेला. आता तिची साडी कापून गोधडीत शिवलेली म्हटल्यावर माझ्या मनात नको ते आलं. मुलीच्याही आलं असावं.

फोटो टाकणारं जोडपं लगेच सापडलं. नवऱ्याचा आळेफाट्याला फोटो स्टुडिओ, बायको गोधड्या शिवायची. डिजिटल कॅमेरे आले आणि स्टुडिओ ओस पडला, तेव्हा नवऱ्याने डोकं लढवलं. गोधड्या धरणाकाठी, पठारावर, कोवळ्या उन्हात पसरायच्या, फोटो काढायचे आणि पोरंपोरी आपापले फोटो टाकतात त्या साइटवर टाकायचे. ते बघून मुंबई-पुण्याची गिऱ्हाइकं फोन करू लागली होती.

बाईला ठाण्यात बोलावलं, महिला शिपाई शेजारी बसवली.

"मोराची साडी कुणी दिली?"

"जुनी लुगडी इकत घेती, साहेब. कुनाचं काय, न्हाई आठवत."

खोटं बोलणारा माणूस घाबरला की आधी स्वतःची सुटका बघतो. ही घामाघूम झाली, तरी स्वतःबद्दल एक शब्द बोलेना. ती कुणाला तरी पाठीशी घालत होती. मी आवाज चढवला नाही. तिच्यासाठी चहा सांगितला आणि नवऱ्याला म्हटलं, "चला, तुमचे सगळे फोटो दाखवा."

कॅफेतलं इंटरनेट संथ. एकेक फोटो वरून खाली उलगडायचा. आधी धुकं, मग डोंगर, मग गोधडी. मुलगी माझ्या मागे उभी. दुसऱ्या गोधडीवर तोच मोर आला. पुढच्या गोधडीवर, निळ्या कापडावर, पुन्हा तोच.

कापडं वेगळी होती. मोर साडीबरोबर आलेला नव्हता. तो भरणारा हात अजून चालू होता.

मी मागे वळून पाहिलं. मुलीने तोंडावर ओढणी दाबून धरली होती.

ठाण्यात परतल्यावर मी बाईला एवढंच म्हटलं, "म्हातारी जिवंत आहे, कळलंय मला. ही तिची मुलगी."

बाईने मुलीला नीट न्याहाळलं. "भाऊ न्हाई ना आला संगं? मंग चला."

आण्याच्या पठारावर बाईचं माहेर होतं. अंगणात वाळत घातलेल्या गोधड्या वाऱ्याने फुगत होत्या आणि ओट्यावर म्हातारी सुई ओवत होती. मुलगी दिसताच ती उठली, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"दिसला का गं मोर?"

"दिसला, आई."

जबाब तिने शांतपणे दिला. नवरा गेल्यावर मुलाने तिला वेडी ठरवलं, कोंडून ठेवलं, सुईदोरासुद्धा काढून घेतला. त्या दिवशी तो तिला वेड्यांच्या दवाखान्यात ठेवायला नेत होता.

"मला कुनी पळवलं न्हाई. मीच उतरले," ती म्हणाली. स्टँडवर रडताना तिला गोधडीवाल्या बाईने पाहिलं, आसरा दिला, कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला. मुलगी तेव्हा भावाच्याच घरी. निरोप धाडला तर त्याच्या हाती पडायची भीती. पुढे मुलगी कुठे गेली, ते म्हातारीला ठाऊक नव्हतं.

"मग मोराचा फोटो कसा काढू दिलात?" मी विचारलं.

"फोटू समदीकडं दिसत्यात म्हनले. लेकीला वळखू येईल. लेकानं माझं भरलेलं कवा बघितलंच न्हाई."

सज्ञान बाई, स्वखुशीने राहणारी. मी मिसिंगची नोंद बंद केली. आई सुखरूप आहे, एवढंच मुलाला कळवलं. पत्ता दिला नाही. मुलगी त्या दिवशी पठारावरच राहिली.

पुढे मुलाचा जुना जबाब मी पुन्हा काढून वाचला. उंची, वर्ण, साडीचा रंग. त्यापलीकडे आईबद्दल ओळ नव्हती, आणि आम्हीही विचारलं नव्हतं. तेव्हापासून कुणी हरवल्याची तक्रार घेताना मी घरच्यांना एक प्रश्न जास्तीचा विचारू लागलो, "त्यांना काय करायला आवडायचं?"

बऱ्याचदा घरची माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायची.