बंद घरात ओरडणारी बाई

एकटी बाई कुठंतरी अडकून पडलीय आणि जीव वाचवायला धडपडतेय, असले सिनेमे माझ्या सासूबाईंना फार आवडतात. नाद मीच लावला. जिंतूरला आमचं किराणा दुकान आहे. सासरे आणि माझा नवरा, दोघं बाप-लेक जेवून परत दुकानात गेले की दुपार आम्हा दोघींची. मी टीव्हीवर सिनेमा लावते आणि सासूबाई, म्हणजे माझ्या आत्याबाई, पाय पसरून, गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून बसतात. कधी बाई लिफ्टमध्ये, कधी कोरड्या विहिरीत, कधी रानातल्या बंगल्यात. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून आवाज मोठा, आणि वर त्यांचे सल्ले सुरूच. "अगं, चपला घाल आधी, काचा पडल्यात तिथं!"

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी असाच एक सिनेमा चालू होता. त्यातली पोरगी बर्फातल्या लाकडी घरात अडकली होती आणि बाहेर एक माणूस कुऱ्हाड घेऊन फिरत होता. तेवढ्यात मला गच्चीवर धपधप ऐकू आलं. वर धुतलेले गहू वाळत घातले होते.

"आत्याबाई, माकडं!"

काठी घेऊन मी पुढं, त्या मागं. माकडं पळाली, पण वाऱ्यानं गच्चीचं दार धाडकन आपटलं आणि आतली कडी खाली पडून अडकली. पुढचं दार मीच आतून लावलेलं. मोबाईल खाली. मी घाबरून दार हलवत राहिले.

आत्याबाईंना वेगळीच काळजी. "ती पोरगी काय करायली आसंल गं आता?"

त्या पोरीनंच उत्तर दिलं. खालून अशी किंकाळी आली की समोरच्या काकू हातातलं काम टाकून रस्त्यावर आल्या आणि आमच्या दारावर थापा मारू लागल्या.

"अवं वहिनी! सूनबाई का वरडायलीय?"

बघता बघता चार बायका जमल्या. नेमकी तेव्हाच सिनेमातल्या माणसानं दारावर कुऱ्हाड घातली.

"आत कायतरी फोडायलेत!" एक जण म्हणाली. दुसरी हळहळली, "सासू दिसती गरीब, पण न्हाई बाई!"

मी कठड्यावरून ओणवी होऊन ओरडले, "काकू, मी वर हाय! मला काय झालं न्हाई!" पण त्या गोंगाटात कोण ऐकतंय? शेवटी आत्याबाईंनी मूठभर गहू उचलले आणि सरळ त्यांच्या डोक्यावर टाकले. सगळ्यांनी वर बघितलं. सासू-सून शेजारी शेजारी उभ्या, दोघींनाही हसू आवरत नव्हतं.

"मग आत कोण वरडायलंय?" काकूंनी विचारलं.

"टीव्हीतली!"

दाराच्या फटीतून कडी दिसत होती, पण बोट काही आत जाईना. आत्याबाईंनी इकडंतिकडं बघितलं, कपड्यांची दोरी सोडली आणि तिचं एक टोक खाली सोडलं.

"तुमचं पातळ उलथनं बांधा हिला, लवकर!"

काकूंनी पळत जाऊन उलथनं आणलं. ते मी वर ओढून घेतलं, फटीत सरकवलं आणि कडीखाली घालून उचललं. दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा कडी वर गेली आणि दार उघडलं तेव्हा आत्याबाईंनी माझी पाठ थोपटली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, स्वयंपाकाला चांगलं म्हणतात, पण अशी पाठ कधी थोपटली नव्हती.

पुढचं दार उघडल्याबरोबर सगळ्या बायका आत शिरल्या. त्यांना ती ओरडणारी बाई बघायचीच होती. आत्याबाईंनी सिनेमा पहिल्यापासून लावायला सांगितला. मी चहा टाकला, कुणीतरी घरून भाजलेले शेंगदाणे आणले.

संध्याकाळी नवरा चहाला घरी आला, तर बसायला जागा नाही.

"हे काय चाललंय?" त्यानं विचारलं.

"गप बस रं," आत्याबाई टीव्हीवरून नजर न हलवता म्हणाल्या, "पोरगी आजून सुटली न्हाई."