रग्नफ्रीदचा रोखलेला श्वास

पदनाम: हवा-नमुना संग्राहक, अर्धवेळ. शिक्षण: नगण्य. गरज: संपुष्टात.

नॉर्वेच्या एका बेटावरची ही रग्नफ्रीद. एकतीस वर्षं दर सोमवारी ती वाऱ्याकडे तोंड करून, श्वास रोखून काचेच्या बाटलीत हवा भरायची. स्वतःचा उच्छ्वास मिसळला की नमुना वाया. यंदा हवामान खात्याच्या मुख्यालयाचा अधिकारी स्वेरे याने स्वयंचलित यंत्र आणलं आणि विजेच्या सोयीसाठी थेट बोटीच्या धक्क्यावर बसवलं.

"अरे, हे बोटीचा धूर मोजेल!" ती कडाडली. "माझी एकतीस वर्षांची नोंद त्यात कालवतोस? डोकं मुख्यालयातच ठेवून आलास का?"

"यंत्र चुकत नाही, रग्नफ्रीद."

"यंत्र नाही रे, तू चुकतोयस!"

ताज्या अहवालानुसार बेटाची हवा दर मंगळवारी सकाळी दहाला बिघडते. कारण अज्ञात.

बोट मंगळवारी सकाळी दहाला येते.