ब्रेकला टेकवलेलं वल्हं

आमच्या उत्तनमध्ये कॉन्रॅडइतका घाबरट ड्रायव्हर दुसरा नाही. मासळीचा ट्रक तो चालवतो कमी, तपासतो जास्त. मोडक्या वल्ह्याचा एक तुकडा त्यानं केबिनमध्ये ठेवलाय. घाट लागण्याआधी गाडी सपाटीवर थांबवायची, चाकांना दगड लावायचे, सीट आणि ब्रेकच्या मध्ये ते वल्हं घट्ट टेकवायचं, आणि गाडीखाली शिरून ब्रेकच्या पाइपांतून हवा कुठे फुसफुसतेय का ते ऐकायचं. गाव त्याला ‘डॉक्टर’ म्हणतं. मीही दात काढायचो.

त्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून कॉन्रॅड आणि मी त्याच्या घरी आलो, तर अंगणात ट्रक नाही. होडीच्या निळ्या रंगाचा रिकामा डबा तेवढा पडलेला.

“इव्हान गेलाय ठाण्याला, मासळी घेऊन,” कॉन्रॅडची बायको फ्लेव्हिया कौतुकानं म्हणाली. “काल गाडी खालून सगली रंगवली आपल्या पोरानं. नवी दिसते.”

कॉन्रॅड मटकन पायरीवर बसला. मासळीचं खारं पाणी गळून ब्रेकचा एक पाइप गंजला होता. त्यानं त्यावर खडूनं खूण केली होती. सोमवारी पाइप बदलेपर्यंत गाडी हलवायची नव्हती. पण आमच्याकडे होडीला रंग दिला की तिची सगळी दुखणी गेली असं समजतात. पोरानं खडूवरूनच ब्रश फिरवला.

इव्हान फोन उचलेना. स्कूटर मी चालवली, कॉन्रॅड मागे बसला. काशीमिरा मागे पडलं. “देवा, त्याला घाट उतरू देऊ नको,” एवढंच तो माझ्या पाठीमागे पुटपुटत होता. समोरून रुग्णवाहिका आली. आत कोण आहे ते बघायची हिंमत दोघांनाही झाली नाही.

गायमुखच्या घाटाआधी कडेला ट्रक उभा दिसला. खालून इव्हानचे दोन पाय बाहेर आलेले. हलत नव्हते.

कॉन्रॅडनं अशी किंकाळी फोडली की माझ्या हातून स्कूटर आडवी झाली.

“वरडू नको डॅडी,” खालून आवाज आला. “ऐकतोय मी.”

चाकांना दगड होते. केबिनमध्ये वल्हं ब्रेकला टेकवलेलं. इव्हान बाहेर आला, तोंडाला निळा रंग. “हवा जाते. रंगाचे पापुद्रे उडतात तिथं.”

“थांबलास कसा तू?” मी विचारलं.

त्यानं मान खाली घातली. “उतार बघून भ्या वाटलं, अंकल. गावात सांगू नका.”

कॉन्रॅडनं त्याला उराशी धरलं आणि भर रस्त्यात रडायला लागला.

“घाबर रे पोरा,” तो म्हणाला. “रोज घाबर.”